धुऱ्यावरची बाभूळ

वऱ्हाडचा अलीकडचा इतिहास कापसाच्या हिशेबाने लिहिला जातो. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनी सरकारकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला आणि १८७१ मध्ये अमरावतीला फाटा निघाला. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले, आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. हा क्रम बरोबर आहे, आणि तो कितीही वेळा सांगितला तरी त्याचं महत्त्व कमी होत नाही. तरीही त्यात एक मोठी फट राहते. कापसाचं वावर ज्या वखराने मोकळं केलं, पऱ्हाटीच्या तासांमधलं तण ज्या डवऱ्याने काढलं, वेचलेला कापूस ज्या बंडीत भरून स्टेशनवर नेला, त्या वखराचं, डवऱ्याचं आणि बंडीच्या चाकाचं लाकूड कुठून आलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ते मुख्यत्वे बाभळीचं होतं, आणि गावाच्या शिवारातलंच होतं. बाभूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओसाड माळ आणि काटे येतात, म्हणून तिला इतिहासात जागा मिळाली नाही. माझं म्हणणं असं की अमरावती-अकोल्याच्या मैदानातली बाभूळ हे आपोआप माजलेलं रान कधीच नव्हतं. शेतकऱ्याने, वाढयाने आणि काही काळ सरकारनेही ती राखली, निवडली आणि प्रसंगी पेरली. कापसाच्या शेतीचं ते भांडवल होतं, फक्त त्याची नोंद जमाखर्चात झाली नाही.

आधी जमीन पाहू. वऱ्हाडचे जुने तीन भाग पडतात: उत्तरेला मेळघाटाचे डोंगर, दक्षिणेला बालाघाट आणि मधे पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट पयनघाट. कापूस पिकतो तो मुख्यतः या पयनघाटात. इथली काळी माती खोल आहे. पावसाळ्यात ती चिखल होऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की हात आत जाईल अशा भेगा पडतात. भेगा पडताना कोवळ्या झाडांची वरवरची मुळं तुटतात. त्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतून जाणारा खारपाणपट्टा. तिथे विहिरीचं पाणी खारं, पिण्याच्या कामाचं नाही आणि ओलिताला घातलं तर जमीन बिघडते. आंब्यासारख्या झाडाला अशा जमिनीत जीव धरणं अवघड जातं. बाभळीचं मात्र इथे जमतं. तिचं सोटमूळ रोप लहान असतानाच खोल उतरतं, भेगा पडल्या तरी ते खालच्या ओलीला धरून असतं. पानं बारीक, त्यामुळे पाणी कमी उडतं. काही दिवस पाणी साचलं तरी ती तग धरते, क्षार आणि चोपणही सोसते. शेंगवर्गातली असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणते. लिनियसने १७५३ मध्ये नाईलच्या नावाने तिचं नामकरण केलं, पुढे ती अकेशिया निलोटिका म्हणून ओळखली गेली आणि आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला व्हॅचेलिया निलोटिका म्हणतात. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या उष्ण प्रदेशाची ती मूळची रहिवासी आहे. पावसाळ्यात तिच्यावर पिवळ्याधमक गोंड्यासारखी फुलं येतात, त्यांना मंद गोड वास असतो. शेंगा पिकतात चैत्र-वैशाखात: राखाडी, मखमली, दोन बियांच्या मधे आवळलेल्या, माळेत मणी ओवावेत तशा. शेंगा नेमक्या उन्हाळ्यात पिकतात, याचा या गोष्टीत पुढे फार संबंध आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. झाड जर या मातीला इतकं मानवतं, तर ते राखलं किंवा निवडलं असं कशाला म्हणायचं? ते उगवलं, लोकांनी वापरलं, संपलं. वरवर पाहता हे पटतं, कारण बाभळीचं बी पसरवायला माणूस लागत नाही. शेळ्या-मेंढ्या शेंगा आवडीने खातात, बी त्यांच्या पोटातून न मोडता बाहेर पडतं आणि कठीण कवच मऊ झाल्यामुळे लेंडीतलं बी झाडाखाली पडलेल्या बियांपेक्षा चांगलं उगवतं. जुने वनाधिकारी हे जाणून होते. ते शेळ्या-मेंढ्यांना मुद्दाम शेंगा चारून लेंड्यांमधलं बी पेरणीसाठी गोळा करायला सांगत. उन्हाळ्यात धनगर वावरात मेंढ्या बसवतात, तेव्हा खताबरोबर बाभळीचं बीही वावरभर पडतं. पण पुढे काय होतं ते पाहा. वऱ्हाडात पेरणीआधी वावरावरून वखर फिरतो, एकदा नव्हे, दोन-तीनदा, आणि पीक उभं असताना डवरे चालतात. वखराची फास जमिनीखालून आडवी जाते आणि बोटाएवढं रोप मुळासकट कापते. म्हणजे वावराच्या मधे बाभळीचं एकही रोप दुसरा पावसाळा पाहू शकत नाही. ते वाचतं धुऱ्यावर, जिथे वखर वळतो. तिथेही शेळी त्याचा शेंडा खायला टपलेली असते, म्हणून पहिली दोन-चार वर्षं कुणाला तरी त्याभोवती काट्यांचा आडोसा करावा लागतो, खालच्या फांद्या छाटून खोड सरळ करावं लागतं. दरवर्षी कापणाऱ्या अवजारांच्या मुलखात, भरपूर शेळ्यांच्या गावात, धुऱ्यावर तीस वर्षांची सरळ खोडाची बाभूळ उभी असेल, तर तिथे तीस वर्षं कुणाचा तरी निर्णय उभा आहे. उगवणं निसर्गाचं असेल, पण टिकणं माणसाचं आहे.

निवडीचा पुरावा जातींच्या ओळखीत आहे. आर. एस. ट्रूप यांनी १९२१ मध्ये भारतीय वृक्षांच्या वनशास्त्रावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात वऱ्हाडात बाभळीचे तीन प्रकार मानले जातात अशी नोंद आहे: तेलिया, कवडिया आणि रामकाठी. वनस्पतिशास्त्राच्या आधी हे वर्गीकरण गावाने केलेलं होतं, आणि ते कामावरून केलेलं होतं. तेलियाचं खोड उंच आणि लाकूड घट्ट, गाभा तांबूस-काळपट, अवजाराला आणि चाकाला तीच हवी. कवडियाची साल खडबडीत, खोड आखूड, फांद्या खालूनच फुटतात, तिचा उपयोग बहुधा सरपणाला. रामकाठीच्या फांद्या खोडाला धरून उभ्या वर जातात, सरू किंवा झाडूसारख्या, त्यामुळे तिची सावली अगदी अरुंद पडते. जो समाज एखाद्या झाडाकडे नुसतं काटेरी झुडूप म्हणून पाहतो तो त्याच्या साली, फांद्यांचा कोन आणि लाकडाचा रंग यांवरून तीन प्रकार वेगळे करत बसत नाही. असं बारकाईने पाहणं पिकाच्या बाबतीत होतं, ज्वारीच्या वाणांच्या बाबतीत होतं. बाभळीच्या बाबतीतही झालं.

वाढयाच्या कामात हा फरक रोज दिसायचा. बंडीचं चाक घ्या. मधला तुंबा सगळ्या आऱ्यांचा जोर एका जागी घेतो, त्यात खाचा पाडल्यावरही तो फाटता कामा नये. आऱ्यांवर उभा दाब येतो, पुठ्ठ्यांवर दगड-खड्ड्यांचे आडवे धक्के. शेवटी लोहार लोखंडी धाव भट्टीत लाल करतो, ती चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. लोखंड थंड होताना आवळतं आणि सगळे सांधे एकदम दाबले जातात. लाकूड ठिसूळ असेल तर त्याच क्षणी पुठ्ठा चिरतो. बाभळीचं लाकूड जड, चिवट आणि धक्का पचवणारं, म्हणून ते हा दाब घेतं. तरी कच्ची बाभूळ कुणी वापरत नसे. तोडलेले ओंडके नदीच्या डोहात किंवा तळ्याच्या गाळात काही महिने बुडवून ठेवत, मग सावलीत वाळवत. असं केल्याने लाकडातला रस निघून जातो, भुंगा लागत नाही आणि नंतर तडे कमी जातात. म्हणजे या वर्षी तोडलेलं झाड पुढच्या हंगामाच्या बंडीत बसायचं. वखराचं खोड, तिफनीचे दाते, डवरा, जू, कुदळ-कुऱ्हाडीचे दांडे, उसाच्या चरकाचे आणि तेलघाण्याचे भाग यांनाही हेच लाकूड. गावातला वाढई शेतकऱ्याची अवजारं वर्षभर दुरुस्त करी आणि खळ्यावर धान्य घेई. लाकूड मात्र शेतकऱ्याने आपल्या धुऱ्यावरून द्यायचं, ही सर्वसाधारण रीत होती. धुऱ्यावर बाभूळ नसलेला शेतकरी अवजारासाठी दुसऱ्याच्या दारात जायचा.

आता कापसाकडे परत येऊ. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर जायचा. लमाणांचे तांडे गोण्या लादून नागपूर, जबलपूरच्या वाटेने मिर्झापूरला पोचत आणि तिथून गंगेने माल कलकत्त्याला जाई. १८४२ मध्ये अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने या मार्गाने एक लाख बैलांवर कापूस धाडला असं सांगितलं जाई, आणि गॅझेटियरकारांनी ते नोंदवून ठेवलं आहे. आकड्यात अतिशयोक्ती असली तरी वाहतुकीची पद्धत कळते: बैलाची पाठ आणि गोणी, चाकाचं काम थोडं. रेल्वेने हे चित्र उलटवलं. लांब पल्ल्याची लमाणी वाहतूक तिने मोडली, हे सगळे सांगतात. पण गाव ते स्टेशन आणि गाव ते जिन हा दहा-वीस कोसांचा पल्ला तिने नव्याने निर्माण केला, आणि त्या पल्ल्यावर लदाऊ बैलाला परवडत नव्हतं. दोन बैलांची बंडी एका खेपेत लदाऊ बैलाच्या कितीतरी पट माल नेते, आणि मोकळा कापूस तर हलका पण फुगणारा माल, त्याला ओझ्यापेक्षा जागा जास्त लागते. म्हणून दिवाळीनंतर अकोला, खामगाव, अमरावती, मूर्तिजापूर, कारंजा या बाजारांकडे बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. रेल्वे आली म्हणून बैलगाडी संपली, असा एक ढोबळ समज आहे. वऱ्हाडात तरी उलट झालं. रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनाने आजूबाजूच्या गावांतल्या चाकांची संख्या वाढवली, आणि प्रत्येक चाकाने बाभळीची मागणी वाढवली. त्याच वेळी कापसाखाली जमीन वाढत होती, पडीक कमी होत होतं, आणि जिनांच्या बॉयलरला सरपण हवं होतं. मागणी वाढते आणि जागा आकसते, अशा कात्रीत जे झाड टिकतं ते राखल्याशिवाय टिकत नाही.

मेळघाटचं सागवान जवळ असताना बाभळीवर इतकं अवलंबून राहायची गरज काय होती, असं कुणी विचारेल. मेळघाटची जंगलं १८६०च्या दशकातच सरकारने राखीव करायला घेतली, त्यामुळे तिथलं सागवान पास आणि पैसे देऊनच मिळे. परतवाडा-अचलपूरच्या पायथ्यापासून ते मैदानात आणण्याचा खर्च वेगळा. पण खरं कारण लाकडाच्या गुणात आहे. सागवान हलकं, सरळ रेषांचं, वाळवीला न जुमानणारं. घराच्या खांबाला, दारांना, बंडीच्या साट्याला ते उत्तम. मात्र तुंब्याला आणि वखराच्या खोडाला, जिथे सतत हादरे बसतात, तिथे ते बाभळीच्या तोडीचं नाही. वाढई दोन्ही लाकडं वापरायचा, प्रत्येक आपल्या जागी. सागवान विकत आणायचं, बाभूळ घरची असायची. सागवानाचा इतिहास वनखात्याच्या कागदांत सविस्तर सापडतो कारण त्यावर महसूल मिळत होता. बाभळीचा व्यवहार धुरा ते वाढयाचं अंगण एवढ्यातच संपे, म्हणून त्याचे कागद झाले नाहीत. कागद नाहीत याचा अर्थ व्यवहार लहान होता असा होत नाही.

सरकारला हे कळलं होतं, याचा पुरावा बाभूळबनं. वऱ्हाडसाठी १८८६ मध्ये स्वतंत्र वनकायदा झाला. सरकारी जंगलांचे वर्ग पाडले गेले: लाकूड आणि सरपण यांसाठी एक, गवताचे रमणे आणि चराई यांसाठी दुसरे. मेळघाटसारखी डोंगरी जंगलं सोडली तर मैदानात सरकारच्या हाती जे तुकडे होते त्यांत बाभूळबनांना वेगळं स्थान होतं. नदीकाठच्या आणि गावालगतच्या या बनांमध्ये वनखात्याने जी पद्धत बसवली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ठरलेल्या तुकड्यातली पक्व झाडं तोडायची. मोकळी जमीन थोड्या मुदतीसाठी शेतकऱ्याला कसायला द्यायची. त्याने कापूस किंवा दुसरं पीक घ्यायचं आणि पिकाबरोबर ओळीने बाभळीचं बी पेरायचं. निंदण-डवरणीचा फायदा पिकाबरोबर रोपांनाही मिळतो, मऊ झालेल्या जमिनीत मूळ लवकर उतरतं. मुदत संपली की शेतकरी निघायचा आणि मागे बाभळीची तरुण रांग उभी राहायची. म्हणजे इंग्रज वनशास्त्राने वऱ्हाडात बाभूळ वाढवायची ती कापसाच्या तासातच वाढवली. सिंधमध्ये हेच उलट्या बाजूने चालायचं. तिथले जमीनदार थकलेल्या, खारवट जमिनीत बाभळीची दाट लागवड करत, तिला हुरी म्हणत, काही वर्षांनी झाडं विकून त्याच ताज्या झालेल्या जमिनीत पुन्हा कापूस लावत. छत्तीसगडच्या धानशेतीत आजही बांधांवर आणि बांध्यांत बाभूळ ठेवण्याची पद्धत आहे आणि कृषिवनशास्त्रज्ञांनी तिचा नीट अभ्यास केला आहे. तीन वेगळ्या प्रदेशांत, कुठे कापसाबरोबर तर कुठे धानाबरोबर, बाभूळ शेतीच्या आत सापडते. याला योगायोग म्हणणं कठीण आहे.

बाभूळबनं शेतकऱ्यांसाठी नव्हतीच, सरकारच्या उत्पन्नासाठी होती, या आक्षेपात तथ्य आहे. लिलाव होत, ठेकेदार तोड घेत, सरपण शहराकडे आणि कारखान्यांकडे जाई, आणि चराईवर बंधनं आल्यामुळे गायकी आणि जंगल नाकेदार यांच्यात कटकटी होत. ज्या गायरानात पिढ्यान्‌पिढ्या ढोरं मोकळी चरली तिथे वर्ग पाडून पट्टी बसवली, याचा राग लोकांना येणं स्वाभाविक होतं. हे मी नाकारत नाही. पण माझ्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही, उलट तो पक्का होतो. ज्याला बाजारभाव आहे, ज्याच्या तोडीचा लिलाव होऊ शकतो आणि ज्यासाठी सरकार जमीन अडवून ठेवतं, त्याला बेवारस काटेरी रान म्हणता येत नाही. अन्याय वाटपात होता. किमतीबद्दल सरकार आणि गाव यांचं एकमत होतं.

ही किंमत सर्वांत स्पष्ट दिसायची ती दुष्काळात. १८९६-९७ चा आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडने सोसला. दुसऱ्यात माणसांइतकीच ढोरंही गेली. कापसाच्या मुलखाची एक उणीव अशा वेळी उघडी पडते: पऱ्हाटी ढोरांना चारा देत नाही. चारा ज्वारीचा कडबा आणि कुटार यांतून येतो, आणि कापसाने ज्वारीची जमीन जितकी घेतली तितका चारा घटला. पाऊस गेला की कडबा नाही, गवत नाही. तेव्हा ऐन उन्हाळ्यात हिरवा पाला आणि प्रथिनांनी भरलेल्या शेंगा देणारं झाड मैदानात जवळजवळ एकच उरतं. शेंगा खाली पडतात, पाला झोडून काढतात, शेळ्या-मेंढ्या आणि बैलही त्यावर दिवस काढतात. दुष्काळानंतर शेती पुन्हा उभी राहायची ती ज्याच्या दावणीला बैल जगले त्याचीच. या अर्थाने धुऱ्यावरच्या चार बाभळी शेतकऱ्याचा विमा होत्या. बाकीचे उपयोग मी ओझरते सांगतो. सालीत टॅनिन भरपूर, त्यावर गावच्या चांभाराचं कातडं कमावलं जाई आणि कानपूरच्या मोठ्या कारखान्यांचीही बाभळीच्या सालीवर भिस्त होती. डिंक लाडवांत आणि औषधांत. कोवळ्या काड्यांचं दातण. तोडलेल्या फांद्यांचं कुंपण.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचाच आहे आणि तो टाळता येणार नाही. बाभळीखाली पीक येत नाही. तिच्या मुळांनी ओल ओढून घेतली की धुऱ्यालगतच्या तासांमध्ये पऱ्हाटी खुरटते, काटे बैलाच्या खुरात आणि वेचणाऱ्या बाईच्या पायात जातात, पाखरं फांदीवर बसून ज्वारी खातात. कोरडवाहू शेतीत ओलीचा प्रत्येक थेंब मोलाचा, तिथे ही तक्रार खरी आहे. पण त्या पिढ्यांना हे माहीत नव्हतं असं समजणं चूक ठरेल. त्यांनी त्यावर तोडगे काढले होते. रामकाठी धुऱ्यासाठी निवडायची, कारण तिची सावली झाडाच्या पायाशीच राहते. खालच्या फांद्या दर दोन-तीन वर्षांनी छाटायच्या, त्यातून कुंपण आणि सरपण मिळतं आणि वावरात ऊनही येतं. सावली वावरावर कमी पडेल अशा धुऱ्यावर झाड ठेवायचं. आणि मोठी बनं वावरात नकोच, ती नाल्याकाठी, खारवट आणि चोपण तुकड्यांत, जिथे पीक तसंही येत नाही तिथे. नुकसान शून्य नव्हतं. ते मोजून, मान्य करून, बदल्यात अवजार, चारा आणि सरपण घेतलं जात होतं. शेतकऱ्याने पत्करलेला हा एक हिशेब होता, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला यातच त्याची शहानिशा आहे.

हा हिशेब का मोडला, याचं सोपं उत्तर ट्रॅक्टर असं दिलं जातं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, लोखंडी अवजारं आणि टायरची बंडी आली, स्वयंपाकाला गॅस आला, बाभळीची गरज संपली. हे उत्तर अर्धं आहे. ट्रॅक्टरने लाकडाची गरज संपवली, पण चाऱ्याची, क्षारपड जमिनीची, धूप अडवण्याची गरज संपवली नाही. सरपणाची गरजही संपली नाही. वीटभट्ट्या आणि आरा गिरण्या आजही बाभळीला पैसे मोजतात. मग ती वाढायला हवी होती. ती घटली, कारण तिला राखणाऱ्या जागा आणि माणसं गेली. वाटण्यांनी वावरं लहान झाली तसा धुरा पातळ होत गेला, आणि जेसीबी आल्यावर एका दिवसात सपाट करता येऊ लागला. वाढयाचा धंदा बुडाला तशी तेलिया आणि कवडिया यांत फरक करणारी नजर गेली. गावची चराईची जमीन, जिला महसुलात आजही ई-क्लास म्हणतात, ती अतिक्रमणं आणि सरकारी बांधकामं यांच्यात वाटली गेली. तिच्या उरलेल्या तुकड्यांवर परदेशातून आणलेली वेडी बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस, माजली. तिच्या पाल्याला ढोरं तोंड लावत नाहीत, ती सरळ खोड धरत नाही आणि आपल्या खाली दुसरं काही वाढू देत नाही. पुढे वृक्षलागवडीच्या मोहिमांत सुबाभूळ लावली गेली, तीही मध्य अमेरिकेतली. लोकांच्या मनातली बाभळीची बदनामी बरीचशी या दोन परक्या झाडांच्या वागण्यातून आली आहे, आणि ती मूळच्या बाभळीला भोगावी लागते.

कायद्यानेही तिला वगळलं. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ आहेत, बाभूळ नाही. ती तिथे असायला हवी होती, असं मात्र मला वाटत नाही. जे झाड तोडायला परवानगी लागते ते शेतकरी धुऱ्यावर उगवूच देत नाही, हा सगळीकडचा अनुभव आहे. बाभूळ टिकली ती तोडता येत होती म्हणून, कारण तोडणं हाच तिला राखण्याचा हेतू होता. म्हणून बंदीने तिचं भलं होणार नाही. तिला हवी आहे जागा आणि मालकी. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड झालेली जमीन पुन्हा झाडाझुडपाखाली आणून दाखवली आहे. तिथे झाड कोणतं हा मुद्दा नव्हता. जमीन कुणाच्या नजरेखाली आहे हा मुद्दा होता. मैदानातल्या गावांना वनहक्काची ती वाट नाही, पण ई-क्लास आहे, नाल्यांचे काठ आहेत आणि खारपाणपट्ट्यात तर पीक न येणारी जमीन हवी तेवढी आहे.

म्हणून अकोला आणि अमरावतीच्या गावांतल्या वाचकांना एक काम सुचवतो. तलाठ्याकडचे आपल्या गावाचे जुने नकाशे आणि निस्तार पत्रक काढून पाहा. त्यात बाभूळबन, रमणा, चराई असं काही लिहिलेलं आहे का, तो गट नंबर कोणता आणि आज तिथे काय आहे, हे लिहून घ्या. जमीन शिल्लक असेल तर तिथली वेडी बाभूळ काढून गावातल्याच चांगल्या तेलियाचं आणि रामकाठीचं बी ओळीने पेरण्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडा. बी धरायचं तर चैत्रात शेंगा पिकताना, शेळ्या त्या संपवण्याआधी.